खाली पेशंट झोपलेत

या, असे जवळ सरकून बसा. मागं भिंतीला टेकलात ना, तुम्हीपण पुढं या. ही गोष्ट चढ्या आवाजात सांगायची नाही. एका चेंडूची आहे, आणि एका अशा पोरीची, जिला घडवताना देवानं हात-पाय, नाक-डोळे सगळं हात सैल सोडून दिलं, फक्त स्वस्थपणा पदरात घालायचा तेवढा राहून गेला. तोही माणूसच म्हणायचा कधीकधी. कामाच्या गर्दीत विसरतो.

भिंगरी म्हणत तिला. खरं नाव हजेरीपुरतं. नर्सिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. वर्गात बसली की गुडघा हलतोय, जेवताना टाच आपटतेय, झोपेत पांघरूण एकीकडे आणि ही दुसरीकडे. आई म्हणायची, "हिच्या पाळण्याला दोरी लागलीच नाही, आपली आपणच झुलायची." थोरली बहीण त्याच इस्पितळात सिस्टर होती. तिनंच आईला शब्द दिला होता, "पाठव माझ्याकडं, माणसात आणते." शब्द देणं सोपं हो. निभवायला बसलं की कळतं आपण काय बोलून बसलो.

पहिल्या वर्षी चार महिने झाले न झाले तोच भिंगरीनं बॅग भरली होती.

"ताई, माझ्याच्यानं नाही होत. तापाचा तक्ता भरायला उभी राहिले की छातीत पाखरं फडफडतात."

"मग पाखरांनाही तापमापक लाव," ताई म्हणाली आणि त्या बॅगेवरच बसली. "उद्या वर जा. तिसऱ्या मजल्यावर. फिजिओ सरांना भेट. नाही आवडलं तर मीच गाडीत बसवून देते."

फिजिओ सर म्हणजे मोडलेल्या पायांना पुन्हा चालायला शिकवणारा माणूस. आवाज इतका हळू की पेशंटला वाटावं, आपल्या पायाशीच बोलताहेत. तिसऱ्या मजल्यावरचा जुना हॉल धूळ खात पडला होता. दोन्ही टोकांना गंजलेल्या रिंगा. सरांनी त्या घासल्या, जाळ्या बांधल्या आणि कॉलेजातल्या पोरी जमवून बास्केटबॉलची टीम उभी केली. भिंगरी त्या हॉलमध्ये गेली आणि तासाभरानं घामानं चिंब होऊन खाली आली. त्या दिवशी पहिल्यांदाच ती एका म्हाताऱ्या बाईचा हात धरून, नाडी मोजत, पूर्ण मिनिटभर हलली नाही. ताईनं लांबून पाहिलं. बॅग पुन्हा माळ्यावर गेली.

आता इथं गंमत बघा. एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं चिमटा काढायचा, ही देवाची जुनी खोड. त्या हॉलच्या बरोब्बर खाली कोणता वॉर्ड? बायकांचा, ऑपरेशन झालेल्यांचा. आणि त्या वॉर्डाची इनचार्ज कोण? आपली ताई.

पहिल्या आठवड्यातच ती दोन-दोन पायऱ्या चढत वर आली.

"कोण ढोल बडवतंय?"

"ढोल नाही गं, चेंडू."

"खाली ये आणि ऐक. छतातून धप धप येतं. माझ्या बायका आज टाके घालून आल्यात. प्रत्येक धप्प्याला पोट धरून बसतात."

"चेंडू आपटल्याशिवाय पुढं कसा नेणार? नियम आहे तो. हातात धरून पळालं तर चुकीचं."

"तुझे नियम वर, माझे पेशंट खाली. आपटायचा नाही म्हणजे नाही."

भिंगरी तोंड उघडणार तोच सर म्हणाले, "सिस्टर बरोबर बोलताहेत."

त्या दिवसापासून तिसऱ्या मजल्यावर एक अजब खेळ सुरू झाला. बूट काढायचे, जाड मोजे घालायचे. चेंडू जमिनीला लागू द्यायचा नाही. हातातून हातात, हातातून हातात. ओरडायचं नाही. 'मला दे' म्हणायचं तर भुवई उडवायची, 'मागं बघ' म्हणायचं तर हनुवटी. चेंडू खाली पडला की जिच्या हातून पडला तिनं दहा उठाबशा काढायच्या, त्याही धापा न टाकता. आणि कुणी चुकून हसली की बाकीच्या ओठांवर बोट ठेवून एका सुरात कुजबुजायच्या, "खाली पेशंट झोपलेत." महिनाभरात हे वाक्य त्यांच्या रक्तात गेलं. चेंडू आपटायचा सराव रविवारी, मागच्या आवारात, रुग्णवाहिका उभ्या असायच्या तिथं. तोही एखादी गाडी निघायची नसेल तर. ती निघायचीच.

टीममध्ये मध्यभागी खेळायची ती गादी. अंगानं भरलेली, मनानं त्याहून. ती म्हणायची, "आपण बास्केटबॉल खेळत नाही गं. आपण चेंडूला झोपवतोय."

दरवर्षी कॉलेजांची स्पर्धा व्हायची आणि पहिल्या वर्षी या पोरी पहिल्याच फेरीत हरून परत आल्या. कुणाला वाईटही वाटलं नाही. पण दुसऱ्या वर्षी इस्पितळाच्या मेट्रनबाईंनी सरांना बोलावून घेतलं. वॉर्डांना स्वच्छ चादरींची खोली हवी होती, वरच. चादरी होत्या तळघरात. हॉल मोकळा झाला तर तिथं कपाटं लागतील.

सर हळूच म्हणाले, "मुलींना विचारून..."

"मुलींना काय विचारायचं? बरं, असं करू. या वर्षी पहिली फेरी जिंकलात तर हॉल तुमचा, पुन्हा विषय काढणार नाही. हरलात तर कपाटं."

आणि चिठ्ठ्या टाकून जोड्या लागल्या तेव्हा पहिल्या फेरीत कोण आलं? विद्यापीठाच्या पोरी. कित्येक वर्षं कुणाकडून न हरलेल्या, स्वतःचं मैदान, स्वतःची बस, पाठीवर नावं छापलेली जॅकेटं. गादीनं हात जोडून वर पाहिलं. "देवा, तुझी थट्टा कळली. आता खरं काय ते सांग."

सामन्याच्या दिवशी सकाळी भिंगरी वॉर्डात गेली. ताई पलंगावर चादर अंथरत होती.

"हॉल कपाटांना द्या म्हणून कुणी सांगितलं मेट्रनबाईंना?"

ताईनं चादर झटकली. "मी."

"तू?"

"मी. तळघरातून तीन मजले चादरींचे गठ्ठे वाहून बघ एकदा. लिफ्ट पेशंटना लागते. काल रात्रपाळीच्या मावशीची कंबर धरली. कुणाकुणाचं बघू मी?"

"आणि माझं?"

"तुझा खेळ आहे. हे माझं काम आहे."

"ताई, हॉल गेला तर मी जाणार. ही धमकी नाही. मला माहीत आहे मी काय आहे ते. तो एक तास नसेल तर मी या पेशंटपाशी उभी राहू शकणार नाही. कुणाला चुकीचं औषध देण्यापेक्षा गेलेली बरी."

ताईच्या हातातला चादरीचा कोपरा तसाच राहिला. "आईला काय सांगू?"

"सांग, माणसात आली नाही."

एवढं बोलून ती निघाली. दारापर्यंतही सरळ चालली नाही, वाटेतल्या प्रत्येक पलंगाला हात लावत गेली. पोरीच्या जिवाची घालमेल पायांतून बाहेर पडत होती, तिला तरी ती कुठं ठेवायची?

विद्यापीठाचं मैदान म्हणजे बंदिस्त, उंच छताचं. गॅलरीत माणसावर माणूस. ढोल, शिट्ट्या, पत्र्याचे डबे. एका बाजूला त्यांच्या समर्थकांनी एवढा मोठा फलक टांगला होता की मागे बसलेल्यांना वेळेचं घड्याळ दिसतच नव्हतं. दिसायची गरज काय? जिंकणार तेच होते. नर्सिंगच्या पोरी आत आल्या तेव्हा कुणीतरी ओरडलं, "सुई आणलीय का सुई?" सगळी गॅलरी खदखदली. गादी भिंगरीच्या कानात म्हणाली, "आणलीय. मोठी. नंतर लावते."

विद्यापीठाची कप्तान होती मनोरा. खरंच मनोऱ्यासारखी. हात वर केला की रिंगेला बोटं लागायची. पहिल्या काही मिनिटांत तिनं असे चेंडू टाकले, जणू कपाटात डबा ठेवतेय. नर्सिंगच्या पोरींच्या तोंडचं पाणी पळालं. भिंगरी तर कोर्टभर अशी सैरावैरा पळत होती की सरांनी तिला बाहेर बोलावलं.

"कुणाच्या मागं पळतेस?"

"माहीत नाही सर. थांबले की भीती वाटते."

"पळ मग. पण ऐक. ऐकू काय येतंय?"

भिंगरीनं ऐकलं. गोंगाट. नुसता गोंगाट. समोर मनोरा आपल्या पोरींना काहीतरी ओरडून सांगत होती, त्या कानाला हात लावून "काय? काय?" विचारत होत्या. त्यांच्याच लोकांच्या ढोलात त्यांचाच आवाज बुडाला होता.

भिंगरी हसली. पहिल्यांदाच. आत गेली आणि गादीकडं बघून नुसती भुवई उडवली.

मंडळी, पुढचं मी काय सांगू? चेंडू हातातून हातात असा फिरायला लागला की बघणाऱ्याच्या माना दुखाव्यात. कुणी ओरडत नाही, कुणी मागत नाही. हनुवटी हलली की चेंडू मागं, डोळा गेला की चेंडू कोपऱ्यात. समोरच्या पोरी वाट बघायच्या की आता ही आपटेल, मग आपण हिसकावू. ही आपटायचीच नाही. मध्यंतरापर्यंत अंतर अर्ध्यावर आलं, आणि शेवटचा टप्पा सुरू झाला तेव्हा गुणफलकाकडं बघून ढोलवाल्याचाच हात थांबला. मग दुप्पट जोरात सुरू झाला. हे बरंच झालं.

शेवटचं मिनिट. नर्सिंग एका गुणानं पुढं. एका! हत्ती समोर आणि मुंगी त्याच्या सोंडेत. विद्यापीठाच्या पोरीनं दिलेला पास भिंगरीनं हवेतच पकडला. वर पाहिलं तर समोर कुणी नाही. मोकळं कोर्ट, मोकळी रिंग. एवढं पळायचं आणि चेंडू अलगद ठेवायचा. हॉल, तो एक तास, ती सगळी पुढची वर्षं, सगळं त्या जाळीत लटकलेलं.

आणि भिंगरी पळाली. चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरून. आपटलाच नाही. तीही साधी पळाली नाही हो, चवड्यांवर, पाऊल वाजू न देता, जणू कडेवरचं मूल झोपलंय. अर्धं कोर्ट ती अशी गेली तेव्हा शिट्टी वाजली. तिला वाटलं दुसऱ्या कुणाची. रिंगेपाशी पोचली, चेंडू आत टाकला, वळली, तर सगळी गॅलरी पोट धरून लोळतेय. पंच दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवून दाखवत होते: चेंडू घेऊन पळालीस, गुण नाही, चेंडू त्यांचा. आणि बोलता बोलता त्यांनाही हसू आवरेना.

"पोरी, आपटायचा असतो," पंच म्हणाले.

भिंगरीचा चेहरा पांढराफटक. गादी जवळ आली.

"मी काय केलं?"

"पेशंट उठू दिले नाहीस."

"गादी, हॉल गेला."

"अजून गेला नाही. रड नंतर. वर बघ."

चेंडू विद्यापीठाकडं. घड्याळात अजून भरपूर वेळ होता, निदान एका चांगल्या प्रयत्नापुरता तरी. चेंडू मनोऱ्याकडं जाणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. तिला रिंगेजवळ येऊ द्यायचं नाही, म्हणून गादी तिच्यासमोर भरल्या पोत्यासारखी उभी राहिली. मनोरा लांबच, कोर्टाच्या मध्याशी. चेंडू तिच्या हातात आला, आणि तेव्हाच ते झालं.

फलकामागच्या गर्दीला घड्याळ दिसत नव्हतं. पण धीर कुठं होता? कुणीतरी अंदाजानं सुरू केलं, "पाच!" सगळ्यांनी उचललं. "चार!" अख्खी गॅलरी. "तीन!" मनोऱ्याचे प्रशिक्षक बाकावरून उठून दोन्ही हात हलवत होते, "वेळ आहे! अगं वेळ आहे!" तोंड हलताना दिसत होतं, आवाज नाही. तिच्या जोडीदारणी ओरडत होत्या. "दोन!" मनोऱ्यानं घड्याळाकडं मान वळवलीच नाही. आपल्याच माणसांच्या मोजण्यावर कोण संशय घेतं? तिनं तिथूनच, इतक्या लांबून, जीव एकवटून चेंडू फेकला.

चेंडू रिंगेला लागला, वर उडाला, पुन्हा लागला आणि बाहेर आला. गादीच्या हातात.

गर्दी "एक!" म्हणाली आणि भोंगा वाजेना. क्षणभर सगळी गॅलरी गप्प झाली. कशी? अजून खेळ आहे? त्या एका क्षणात विद्यापीठाच्या पोरी एकमेकींकडं बघत राहिल्या, आणि नर्सिंगच्या पोरींना गप्प जागेत काय करायचं ते चांगलं ठाऊक होतं. गादीकडून भिंगरीकडं, भिंगरीकडून कोपऱ्यात, कोपऱ्यातून मागं, पुन्हा भिंगरीकडं. समोरच्या पोरी धावल्या, झोंबल्या, हात घातले. जिथं हात जायचा तिथं चेंडू नसायचा. जमिनीला एकदाही लागला नाही. आणि मग भोंगा वाजला.

पुढचा गोंधळ तुम्ही कल्पनेनं बघा. सरांनी आयुष्यात पहिल्यांदा आरोळी ठोकली आणि लगेच इकडंतिकडं पाहिलं, कुणी झोपलेलं नाही ना.

पोरी बसमध्ये बसल्या तेव्हा भिंगरी नव्हती. गॅलरी रिकामी झाली होती. मनोरा शेवटच्या बाकावर डोक्यावर टॉवेल घेऊन बसली होती. तिच्या टीममधल्या पोरी आपापल्या पिशव्या उचलून निघून गेल्या होत्या. रागावून नाही, काय बोलावं ते न सुचून. भिंगरी तिच्यापाशी गेली आणि पाण्याची बाटली पुढं केली.

टॉवेलखालून आवाज आला, "हसायला आलीस?"

"नाही. पाणी."

मनोऱ्यानं टॉवेल मागं सारला. डोळे सुजलेले. "तू ते काय केलंस? चेंडू घेऊन पळालीस, चोरासारखी?"

"आमचा हॉल वॉर्डाच्या वर आहे. खाली पेशंट असतात. आपटायचा नाही अशी सवय लागलीय."

मनोऱ्यानं बाटली घेतली. मग फस्सकन हसली, आणि त्या हसण्यातच पुन्हा रडू फुटलं. "तुला निदान पेशंटनी फसवलं. मला माझ्याच लोकांनी मोजून दिलं गं. मी एकदा मान वळवायला हवी होती. एकदाच."

भिंगरीनं 'असू दे' म्हटलं नाही. 'पुढच्या वर्षी' असंही म्हटलं नाही. वॉर्डात शिकवलं होतं, जिथं दुखतं तिथं लगेच हात लावायचा नाही. ती शेजारी बसली. बाहेर बसवाला हॉर्न मारत होता. तिचा गुडघा हलत नव्हता. मनोऱ्याचं रडून होईपर्यंत ती तशीच बसून राहिली.

संध्याकाळी ती वॉर्डात आली तेव्हा भेटायला आलेली माणसं परतत होती. ताई एका रिकाम्या पलंगाची चादर बदलत होती. भिंगरीला दारातच राहवेना. तिनं लांबूनच भुवया उडवल्या, हनुवटी हलवली, दोन बोटं नाचवली. ताईला त्यातलं काय कळणार? खिडकीजवळच्या टाकेवाल्या बाई म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या बहिणीला फिट येतेय की काय बघा."

ताईनं वर पाहिलं. "जिंकलात?"

"जिंकलो."

ताई पुन्हा चादरीकडं वळली. चेहऱ्यावर आनंद आला होता, आणि त्याच्या मागोमाग दमलेपणही. लपवायचं तर दोन्ही लपवावं लागलं असतं.

"म्हणजे चादरी तळघरातच."

"हो."

"बरं. तो कोपरा धर."

दोघींनी मिळून चादर ताणली. भिंगरी हळू आवाजात सांगत गेली. मोकळं कोर्ट, चवड्यांवर पळणं, पंच काय म्हणाले ते. ताईनं आधी ओठ दाबले. मग पलंगाच्या कडेवर बसलीच. खिडकीजवळच्या बाई उशी पोटाशी धरून विव्हळल्या, "अगं बाई, मला हसवू नका, टाके ओढतात!"

"ताई, ते गठ्ठे," भिंगरी म्हणाली, "सरावाच्या आधी आम्ही वर आणू. जिन्यात एकेक जण उभी राहील. हातातून हातात. मावशींनी फक्त कपाट उघडायचं."

"रोज?"

"रोज."

"गादीला विचारलंस?"

"ती नाही म्हणाली. मग तळघराची किल्ली मागायला गेली."

ताईनं उशीला अभ्रा घातला, थोपटला आणि म्हणाली, "आईला फोन करायचाय. काय सांगू?"

भिंगरी पलंगाला वळसा घालून आली, परत गेली, खिडकीपर्यंत जाऊन आली. "सांग, आहे इथंच."

तर मंडळी, भिंगरीसाठी मी काही मागत नाही. तिला हॉल मिळाला, बहीण होतीच. जिंकलेल्याला आठवणारे पुष्कळ असतात. पण त्या उंच पोरीची पुढची खबर माझ्या कानी आली नाही. आपल्याच माणसांच्या मोजण्यावर विश्वास ठेवला, एवढाच तिचा गुन्हा. आज घरी गेल्यावर, दिवा मालवण्याआधी देवापुढं जे काही दोन शब्द बोलता ना, त्यात एक तिच्यासाठी बोला. मनोरा म्हटलं तरी चालेल. त्याला कळेल कोण ते.